नऊ वर्षं आणि पाच आठवडे

१

डॉक्टर वासुदेव ठेंगडींच्या दवाखान्याच्या पाटीवर कोणीतरी डांबर फासलं होतं. नाव पार झाकलं गेलं होतं, शेवटचं ‘एम. डी.’ तेवढं उरलं होतं. खाली शटरवर खडूनं लिहिलं होतं, ‘नौ साल जहर खिलाया’.

कौमुदी पांढरीपांडेनं स्कूटर कडेला लावली आणि ते वाक्य दोनदा वाचलं. डिसेंबरचं कोवळं ऊन रायपूरच्या तात्यापाऱ्यात नुकतं उतरत होतं. एरवी या वेळी दवाखान्याच्या पायरीवर दहा-बारा माणसं नंबर लावून बसलेली असत. आज समोरून जाणारा प्रत्येक जण मान वळवून पुढे जात होता.

कौमुदी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवायची. खोली लहान होती आणि तिथे सहसा कोणी फिरकत नसे. कोणाला औषध बाधलं की वॉर्डातून एक फॉर्म यायचा. तो तपासायचा, कारण ठरवायचं आणि पुढे पाठवायचा, एवढंच तिचं काम. पण गेल्या अकरा वर्षांत ‘कारण’ या रकान्यात तिनं अंदाजपंचे काही लिहिलं नव्हतं. शनिवारी आलेला फॉर्म म्हणूनच तिच्या पर्समध्ये तसाच पडून होता.

नरहर देवतळे, वय सदुसष्ट, रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त. अंग भयंकर दुखतं, उठवत नाही आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते म्हणून दाखल झाले. तपासणीत कळलं की शरीरातले स्नायूच विरघळत होते. ते विरघळलेलं रक्तात उतरून मूत्रपिंडं तुंबली होती. नऊ दिवसांपासून डायलिसिस चालू होतं आणि माणूस शुद्धीवर नव्हता. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरनं औषधाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘अटोरवास्टॅटिन, कोलेस्टेरॉलसाठी, नऊ वर्षांपासून’. आणि कारणाच्या रकान्यात, ‘तेच’.

ती शटरच्या बाजूच्या दारानं आत गेली. ठेंगडी तपासणीच्या टेबलावर कोट न घालता बसले होते. समोर देवतळ्यांची जाड फाईल उघडी होती.

“हे बघ,” ते म्हणाले. “दर सहा महिन्यांनी रक्त तपासलं. यकृत ठीक, साखर ठीक. अंग दुखते का, हे दर वेळी विचारलं अन् उत्तर लिहून ठेवलं. तरी लोकं म्हणून राहिले, मीच विष चारलं.”

“डॉक्टरकाका, ही गोळी स्नायूंना बाधते हे खरं आहे ना?”

“खरं आहे. फार क्वचित, पण बाधते. मी ते कधी लपवलं नाही.” त्यांनी फाईल मिटली. “मी दवाखाना बंद करून राहिलो, कौमुदी. माझं सोड. पण तात्यापाऱ्यातल्या किती जणांनी गोळ्या फेकल्या असतील? नरहरची बायको कमलाबाई, तिच्या हृदयात स्टेंट आहे. मुलानं तिचीही गोळी त्याच दिवशी बंद केली.”

“म्हणजे आज कितवा दिवस?”

“नववा. अन् ती माझा फोन उचलत नाही.”

कौमुदी उठली. नऊ वर्षं जे औषध रक्तात निमूट वावरलं, ते एकाएकी वाघ कसं झालं? याचं उत्तर मिळेपर्यंत त्या रकान्यात एक अक्षर लिहायचं नाही, हे तिनं पायरी उतरतानाच ठरवलं.

२

देवतळ्यांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. दार नीलेशनं उघडलं. हा नरहररावांचा एकुलता एक मुलगा. शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्यात शिफ्ट सांभाळायचा. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली, हातात टाईप केलेले कागद.

“तक्रार तयार आहे, मॅडम. डॉक्टरचं लायसनच रद्द कराले लावतो. तुमाले काय फॉर्म भराचा आहे तो भरा.”

“भरते,” ती म्हणाली. “पण आधी गोळ्या दाखवा.”

नीलेशची बायको शर्मिष्ठा आतून दोन डबे घेऊन आली. सात कप्प्यांचे, एक निळा आणि एक गुलाबी. ती रायपूरचीच, मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत द्यायची. “नीला बाबूजी का, गुलाबी मम्मीजी का. हर रविवार मैं ही भरती हूँ.”

“डबा तीच भरते,” नीलेश मध्येच म्हणाला. बोलताना त्यानं बायकोकडे पाहिलं नाही. शर्मिष्ठाची मान खाली गेली. या घरात डॉक्टरच्या आधी तिच्यावर बोट रोखलं गेलं होतं, हे कौमुदीला न सांगता समजलं.

तिनं पाकिटं मागून घेतली. कोलेस्टेरॉलची गोळी सासऱ्यांना नि सासूला एकच होती, डोसही एकच. शर्मिष्ठा एकाच पाकिटातून दोघांच्या डब्यात टाकायची. कौमुदीनं बिलावरची खरेदीची तारीख पाहिली, रिकाम्या जागा मोजल्या, डब्यात उरलेल्या गोळ्या मोजल्या. एकही जास्त गेली नव्हती.

“काकू, तुमचं अंग दुखलं का या दोन महिन्यांत?” तिनं कोपऱ्यात शाल लपेटून बसलेल्या कमलाबाईंना विचारलं.

“नाही बाई. मले काहीच नाही झालं.”

“मग गोळी नकली नाही आणि डबाही चुकला नाही,” कौमुदी मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. “एकाच पाकिटातलं औषध दोघांनी घेतलं. शर्मिष्ठाचा यात काही दोष नाही.”

शर्मिष्ठानं पहिल्यांदा वर पाहिलं.

डब्यात दुसरी गोळी गॅसची होती. तीही जुनी. कपाटात अभनपूरच्या वैद्याचं चूर्ण सापडलं. कमलाबाईंनी हौसेनं आणलं होतं, पण त्याचं झाकण अजून सीलबंद होतं.

“आणखी काही घेत होते का? चोरून म्हणा, कोणी दिलं म्हणून म्हणा?”

“माझे बाबा चोरून काही करत नाही!” नीलेशचा आवाज एकदम चढला. प्रश्न साधा होता. त्याला इतका राग येण्यासारखं त्यात काय होतं, ते कौमुदीला कळेना.

“कुठे जाणार ते चोरून?” कमलाबाई म्हणाल्या. “वॅगन शॉपमधले त्याईचे सोबती आहेत, शामराव खानोरकर. ते भनपुरीले राहतात. महिनाभर दर मंगळवारी तिकडे जाऊन राहिले होते. बाकी घर अन् आपलं मराठी मंडळ.”

ती निघाली तेव्हा शर्मिष्ठा फाटकापर्यंत आली. इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाली, “दीदी, एक बात बोलूँ? बाबूजी महीने भर से अपने कपड़े खुद धो रहे थे. बाल्टी भी अलग, तौलिया भी अलग. मुझे लगा, मुझसे नाराज़ हैं.”

“हव, आणखी?”

“और रोज़ खाने के बाद काला वाला कोल्ड ड्रिंक मँगाते थे. जो आदमी चाय में शक्कर भी गिनकर डालता है, वो!”

३

औषधं जिथून यायची त्या दुकानाचा मालक विशाल साहू कौमुदीला पाहताच हात जोडून उभा राहिला. “दीदी, बिल, बॅच नंबर, सब दिखाता हूँ. कंपनी बदली थी, मानता हूँ, पर माल सही है.”

“माल सही है,” कौमुदी म्हणाली. “घरातच त्याची साक्ष मिळाली. मला वेगळं विचारायचं आहे. गेल्या दोन महिन्यांत नरहररावांनी नेहमीच्या यादीबाहेरचं काही नेलं?”

विशालनं आठवून पाहिलं. “लिया तो नहीं. पर एक दिन आए थे, धीरे से कुछ पूछने को हुए. इतने में मंडल वाली दो आंटी आ गईं. तो बोले, एक बाम दे दो. पैसे देकर चले गए, और बाम तो यहीं काउंटर पर भूल गए.”

“कधीची गोष्ट?”

“दिवाली के आसपास.”

दिवाळी म्हणजे दोन महिन्यांपूर्वी. मग भनपुरीचे मंगळवार सुरू झाले. कौमुदीनं सहज म्हणून विचारलं, “शामराव खानोरकर तुमचेच गिऱ्हाईक ना? त्यांचा भनपुरीचा पत्ता मिळेल का?”

“भनपुरी का?” विशालला हसू आलं. “शामरावजी तो दो साल से बेटे के पास बिलासपुर में हैं. उनकी दवाई मैं कूरियर से भेजता हूँ.”

कौमुदी दुकानाच्या पायरीवरच थांबली. म्हणजे नरहरराव दर मंगळवारी, ट्रकांच्या आणि गॅरेजांच्या त्या धुळीत, ओळखीचं एकही माणूस नसलेल्या ठिकाणी जात होते. कोणी ओळखणार नाही, म्हणूनच जात होते.

४

दुपारी ती अतिदक्षता विभागात गेली. नरहरराव नळ्यांच्या जाळ्यात डोळे मिटून पडले होते. पाय अजून सुजलेले होते, पण यंत्रावरचे आकडे कालच्यापेक्षा बरे होते. सिस्टर चित्रा त्यांची चादर सारखी करत होती.

“चित्रा दीदी, यांना आंघोळ तुम्हीच घालता ना? कमरेखाली, जांघेत कातडी कशी आहे?”

चित्रानं चमकून पाहिलं. “तुमाले कोणी सांगितलं? काळे गोल डाग आहेत मोठमोठे. पण सुकलेले. गजकर्ण होऊन गेल्यासारखे. बाकी इतकं गंभीर होतं मॅडम, त्या डागाचं कोण काय लिहिणार?”

कौमुदीनं भिंतीला टेकून डोळे मिटले. आता एकेक गोष्ट आपापल्या जागी येऊन बसत होती.

वेगळी बादली आणि वेगळा टॉवेल म्हणजे दुसऱ्याला लागू नये असा रोग. विशालच्या दुकानात तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणजे जागा अशी की सांगायची लाज. लाज म्हणून ओळखीचा डॉक्टर टाळला आणि भनपुरी गाठली. डाग सुकले, म्हणजे उपचार पक्का झाला होता आणि तो नुसत्या मलमाचा नव्हता. पोटातून घ्यायच्या गोळ्या-कॅप्सूल गजकर्णाला बऱ्याच असतात. पण जेवणानंतर काळं कोल्ड ड्रिंक? इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलला विरघळायला पोटात आंबट लागतं. गॅसची गोळी घेणाऱ्याच्या पोटात ते कमी पडतं, म्हणून त्वचेचे काही डॉक्टर सांगतात, कॅप्सूल कोलाबरोबर घ्या.

आणि इट्राकोनाझोल यकृताची नेमकी तीच वाट अडवतं जिथून अटोरवास्टॅटिन शरीराबाहेर पडायचं असतं. रोजची गोळी रोज पोटात जाते, पण निचरा होत नाही. रक्तात ती साचत राहते, साचत राहते. नऊ वर्षं निर्धोक असलेला डोस काही आठवड्यांत कितीतरी पटींनी वाढल्यासारखा होतो.

“पण कॅप्सूल कुठे आहे?” ती स्वतःशीच बोलली. घरात नव्हती, कपाटात नव्हती. पुराव्याशिवाय हा सगळा तर्कच होता.

तिनं शर्मिष्ठाला फोन लावला. “बाबूजी भनपुरीला कशानं जायचे?”

“अपनी स्कूटी से.”

“तिची डिकी उघडून बघ.”

दोन मिनिटांनी उत्तर आलं. “खाली है दीदी. जिस दिन बाबूजी भर्ती हुए, उसके दूसरे दिन सुबह नीलेश ने स्कूटी धुलवाई थी. मुझे अजीब लगा. बाप आयसीयू में, और ये गाड़ी धुलवा रहे हैं.”

५

नीलेश कामावर गेला होता. सिलतऱ्याच्या रस्त्यावर झाडांची पानंसुद्धा कारखान्यांच्या काजळीनं काळी होती. कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यानं सांगितलं, शिफ्ट सुटायला दीड तास आहे, नीलेशसाहेब मध्ये कोणाला भेटत नाहीत. कौमुदी म्हणाली, “थांबते.” ती खरंच दीड तास थांबली. धुळीनं तिची पांढरी ओढणी राखी झाली.

नीलेश बाहेर आला आणि तिला पाहून त्याचा चेहरा उतरला.

“डिकीत काय होतं, नीलेश?”

“कोणती डिकी?”

“तुमच्या बाबांना जांघेत गजकर्ण झालं होतं. त्याच्या कॅप्सूल तुम्हाला मिळाल्या. तुम्ही त्या फेकल्या.”

“गजकर्ण?” तो थबकला. त्याला खरोखरच धक्का बसला होता. “नुसतं गजकर्ण?”

“तुम्हाला काय वाटलं?”

त्यानं तिला फाटकापासून बाजूला नेलं. मागे ट्रकांची रांग सरकत होती. मग म्हणाला, “त्या दवाखान्याच्या पाकिटावर लिहिलं होतं, त्वचा व गुप्तरोग. आई म्हणून राहिली होती शामरावकाकांकडे जातात, अन् मले माहीत होतं काका बिलासपूरले आहे. मले वाटलं, बाबा या वयात कुठे तरी... मी दुसरा विचारच केला नाही, मॅडम. कॅप्सूल नेऊन कारखान्याच्या भंगारात टाकल्या. उद्या काही बरंवाईट झालं असतं अन् लोकाईले हे समजलं असतं, तर?”

“म्हणून डॉक्टरांवर ढकललंत? पाटीला डांबरही?”

“डांबर मी नाही लावलं. पण मंडळात मी जे बोललो, त्याच्यानंच लागलं.” त्यानं पाकीट काढलं आणि चार घड्या घातलेला एक कागद पुढे केला. “हे नाही फेकू शकलो. बाबाचं नाव होतं त्याच्यावर.”

कौमुदीनं कागद उलगडला. इट्राकोनाझोल, दिवसातून दोनदा, जेवणानंतर, कोलाबरोबर. पाच आठवडे. आणि वर, डॉक्टरनं विचारून लिहिलेली एक ओळ, ‘सध्या चालू औषधं: फक्त गॅसची गोळी’.

त्या ‘फक्त’वर तिचं बोट थांबलं. तेवढ्यात नीलेशचा फोन वाजला. पलीकडून शर्मिष्ठाचा घाबरा आवाज कौमुदीलाही ऐकू आला.

“मम्मीजी को पसीना छूट रहा है, छाती पकड़कर बैठी हैं! जल्दी आओ!”

कौमुदीनं त्याच्या हातातला फोन घेतला. “शर्मिष्ठा, ऐक. ॲम्ब्युलन्स बोलाव, १०८ लाव. मग लगेच ठेंगडी डॉक्टरांना फोन कर. दोन गल्ल्यांवर आहेत ते. म्हण, कौमुदीनं सांगितलंय, डॉक्टरकाका, पळत या.”

६

ठेंगडी पळत आले. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, पायात घरातल्या चपला, भर बाजारातून. ज्या घरात त्यांच्याविरुद्धची तक्रार टेबलावर पडली होती, तिथे त्यांनी कमलाबाईंना पहिली औषधं दिली आणि ॲम्ब्युलन्समध्ये त्यांच्याजवळ बसून रुग्णालयापर्यंत आले. झटका लहान होता, वेळेवर सापडला. संध्याकाळी त्या शुद्धीवर होत्या आणि चहा मागत होत्या.

नीलेश वॉर्डाबाहेरच्या बाकावर डोकं धरून बसला होता. “माझ्यानं झालं. मीच तिची गोळी बंद केली.”

“गोळी थांबवली म्हणूनच झालं, असं मी कुठेही लिहिणार नाही,” कौमुदी म्हणाली. “ते सिद्ध झालेलं नाही. धोका वाढला, एवढं म्हणता येतं. तुम्ही डॉक्टरांच्या बाबतीत जे केलं, ते मी तुमच्या बाबतीत करणार नाही.”

हे ऐकून त्याला रडू आवरेना.

नरहररावांना चार दिवसांनी पूर्ण शुद्ध आली. मूत्रपिंडं हळूहळू कामाला लागली होती. कौमुदी त्यांच्या खाटेशी बसली. दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं.

म्हातारा ओशाळला. मग कोरड्या ओठांनी म्हणाला, “सुनेच्या हाताखालून कपडे जातात, पोरी. तिले काय सांगू? अन् ठेंगडीच्या दवाखान्यात अर्धा तात्यापारा बसलेला असते.”

“ते समजलं, काका. पण भनपुरीच्या डॉक्टरांनी विचारलं होतं ना, दुसरं कोणतं औषध चालू आहे? तुम्ही गॅसची गोळी सांगितली. कोलेस्टेरॉलची काहून नाही सांगितली?”

नरहररावांनी तिच्याकडे खऱ्या आश्चर्यानं पाहिलं. “गॅस होते तेव्हा पोट जळते, म्हणून ते औषध. कोलेस्टेरॉलनं माझं काय दुखत होतं? नऊ वर्षं झाले, दात घासल्यासारखं घेऊन राहिलो. ते औषध आहे, हे ध्यानातच नाही आलं.”

कौमुदीनं फॉर्म पूर्ण केला. अटोरवास्टॅटिन आणि इट्राकोनाझोल, दोघांचा एकमेकांवर परिणाम, शक्यता दाट. खाली एक ओळ तिनं जोडली. दीर्घकाळ चालू असलेलं औषध रुग्णाला औषध वाटेनासं होतं, म्हणून विचारताना नाव घेऊन विचारावं. एक प्रत भनपुरीच्या त्या त्वचारोगतज्ज्ञांना पाठवली. त्यांनी स्वतः फोन केला, आपण ‘कोलेस्टेरॉल’ हा शब्द उच्चारून विचारलं नाही, हे मान्य केलं आणि तसा प्रश्न आपल्या कागदावर छापून घेतो म्हणाले.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये नीलेश उभा राहिला. बापाची परवानगी घेऊन आला होता. गजकर्ण, लपवलेल्या कॅप्सूल, भंगार, आईची गोळी, काहीही न वगळता त्यानं सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. मागून एकानं विचारलं, “मग नरहर आता ती गोळी घेणार का नाही?” कौमुदीनं उत्तर दिलं, “सध्या नाही. पूर्ण बरे झाल्यावर डॉक्टर रक्त बघतील, लागलं तर दुसरी, कमी डोसाची देतील. तुमची गोळी घ्यायची की सोडायची, ते मला विचारू नका आणि शेजाऱ्यालाही विचारू नका.”

सोमवारी दवाखान्याचं शटर उघडं होतं. नीलेश सकाळी रॉकेल आणि चिंध्या घेऊन आला, तासभर पाटी घासली आणि मग आत येऊन हात जोडून उभा राहिला. ठेंगडींनी त्याला खुर्ची दाखवली.

“बस. आता आलाच आहेस तर बीपी पाहू.” पट्टा बांधता बांधता त्यांनी विचारलं, “तू कोणतं औषध घेतोस?”

“मी? काहीच नाही, काका.”

“विचार करून सांग. गोळी, पावडर, तेल, काहीही. घरी माहीत नसलेलं आधी सांग.”

नीलेशनं दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर माणसं बसली होती. त्यानं खुर्ची टेबलाजवळ ओढली, पण आवाज मात्र खाली आणला नाही.

“झोपेची गोळी,” तो म्हणाला. “दोन वर्षं झाले.”

ठेंगडींनी नवा केसपेपर घेतला आणि त्याचं नाव लिहायला सुरुवात केली.